पुस्तकातल्या बापाची बायको

माझे बाबा खोटं बोलत नाहीत. नातेवाईक हे कौतुकानं सांगतात, मी दातओठ खाऊन सांगते. खोटं न बोलणाऱ्या माणसाच्या घरात जरा राहून पाहा म्हणजे कळेल. त्या घरातल्या बाकी सगळ्यांना खोटं बोलायला शिकावं लागतं. आम्ही फार लवकर शिकलो.

बाबा अमरावतीच्या कोर्टात वकील होते. हसू नका, खरंच होते. पक्षकार आला की त्याचं सगळं ऐकून घ्यायचे, आणि त्याची बाजू पटली नाही तर तोंडावर सांगायचे, ‘‘तुमचं म्हणणं खरं नाही. समोरच्याशी मिटवून घ्या.’’ मग त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. चहा आई करायची. ज्यांचं म्हणणं खरं असायचं अशा लोकांची कामं त्यांच्याकडे राहायची, आणि तेवढ्यावर घर चाललं.

त्यांना नाद होता जाड, जुन्या कादंबऱ्यांचा. रद्दीच्या दुकानातून आणायच्या, दोऱ्यानं पुन्हा शिवायच्या आणि संध्याकाळी जेवणाआधी मला आणि माझ्या धाकट्या भावाला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. जेवणाआधीच, कारण भुकेली पोरं पेंगत नाहीत असं त्यांचं मत होतं. कादंबरी कुठल्याही देशातली असो, तिच्यात एक सरळमार्गी बाप असायचाच. कधी तो मास्तर असायचा, कधी न्यायाधीश, कधी खेड्यातला धर्मोपदेशक. आणि कधी ना कधी तो बाप अडचणीत सापडायचा. खरं बोलावं तर घर बुडतं, गप्प बसावं तर दुसरा कोणी मरतो. नेमक्या त्या जागी बाबा पानात बोट घालून पुस्तक मिटायचे.

‘‘सांगा,’’ ते म्हणायचे, ‘‘तुम्ही याची मुलं असतात तर याला काय सांगितलं असतं?’’

‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नसे. आणि एकदा दिलेलं उत्तर पान उलटल्यावर बदलायचं नाही, हा नियम. उत्तर देताना ते आमच्या तोंडाकडे असे पाहायचे की मनात एक आणि ओठावर एक असलं तर तिथंच पकडायचे. भाऊ पक्का लबाड. ‘‘खरं बोला, बाबा, असं सांगितलं असतं,’’ म्हणून मोकळा व्हायचा आणि ताटाकडे बघायचा. मी भांडायची. खरं बोलल्यावर त्याच्या पोरांच्या शाळेचं काय, मी विचारायची. बाबा म्हणायचे, ‘‘प्रश्न चांगला आहे, पण उत्तर नाही.’’

आई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. तिचं माहेर बार्शीटाकळीचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिची बोली तसूभर हलली नव्हती.

‘‘पोळ्या गार होऊन राहिल्या,’’ ती म्हणायची. ‘‘अन त्या बाप्याची बायको कोठी हाय?’’

बाबा पानं चाळून म्हणायचे, ‘‘ती पहिल्याच प्रकरणात वारली आहे.’’

‘‘मंग बराबर. या पुस्तकातल्या बापाची बायको मेलेलीच रायते. म्हून त्याले तत्त्वं परवडतात.’’

बाबा मनापासून हसायचे. उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नाही. पुढे मी त्याच कादंबऱ्या स्वतः वाचल्या तेव्हा लक्षात आलं, आईनं पुस्तकं न वाचता बरोबर सांगितलं होतं. बायको तापानं जाते, नाहीतर बाळंतपणात जाते, नाहीतर दाराआड उभी राहून डोळे टिपते. पोरं बापाच्या तोंडाकडे पाहत पाहत चांगली माणसं होतात. पण बाप खरं बोलल्यावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी ताक मागायला कोण जातं, ते एकाही कादंबरीत नाही.

आमच्या घरी आई जायची. एक प्रसंग सांगते म्हणजे घर कसं होतं ते कळेल. आमच्या गल्लीत नळाला पाणी कमी यायचं, म्हणून सगळ्यांनी नळाला टिल्लू पंप लावून ठेवले होते. ते लावायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत, आणि सगळ्यांनी लावले आहेत हेही सगळ्यांना माहीत. बाबांनी लावला नाही. आमच्या नळाला करंगळीएवढी धार. आई गुपचूप शेजारच्या काकूंकडून हंडे भरून आणायची आणि बाबांना सांगायची की आज धार बरी होती. एकदा तपासायला माणसं आली आणि नेमकी बाबांनाच विचारती झाली, ‘‘वकीलसाहेब, इथे पंप कोणाकोणाकडे आहेत?’’ बाबांनी सांगितलं. घरं दाखवून सांगितलं. ज्या काकूंच्या पंपाचं पाणी आम्ही पीत होतो त्यांचं घरसुद्धा.

पंप जप्त झाले. गल्लीनं आमच्याशी बोलणं टाकलं. दिवाळीचा फराळ आला नाही, माझी मैत्रीण शाळेला माझ्याबरोबर येईना. बाबा त्या संध्याकाळीही शांतपणे पुस्तक घेऊन बसले. आई मात्र दारोदार गेली, काय काय ऐकून घेतलं तिलाच माहीत, आणि गल्ली पुन्हा बोलती केली. तेव्हापासून आमच्या घरात एक कायदा झाला. कुठलीही गोष्ट आधी आईला सांगायची, आणि बाबांपर्यंत काय जाऊ द्यायचं ते ती ठरवायची. भावानं कॉलेज बदललं ते बाबांना वर्षाच्या शेवटी कळलं. माझं लग्न मी ठरवलं हे त्यांना कळलं तेव्हा मुलाकडचे चहाला आलेले होते. बाबांना वाईट काही सांगायचं नाही म्हणून नव्हे. बाबांना सांगितलं की ते जगाला सांगितल्यासारखं होतं म्हणून.

आता आईची भीती. ती एकाच गोष्टीला भ्यायची. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, पोटाचा असाध्य रोग झाला तेव्हा डॉक्टरांनी तो तिला सरळ सांगून टाकला होता. त्या दिवसापासून आजीनं ताटाकडे पाहिलं नाही. भिंतीकडे तोंड करून निजली ती तशीच गेली. शेवटचं सगळं माझ्या आईनं केलं. ‘‘माय रोगानं नाई गेली, सांगण्यानं गेली,’’ असं ती म्हणायची. आणि आम्हा दोघांना बजावून ठेवलं होतं, ‘‘मले असं काई झालं त सांगू नोका. मी भ्यानंच मरन. अन तुमच्या बाबाले त बिलकुल सांगू नोका.’’

गेल्या वर्षी उन्हाळा लागायच्या बेताला तिचं जेवण कमी झालं. मग डोळे पिवळे दिसायला लागले. मी अकोल्यात राहते, इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. ओळखीचे डॉक्टर इथे होते म्हणून तिला अमरावतीहून माझ्याकडे आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला आत बोलावलं. आई बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईशी अंबाडीच्या भाजीबद्दल बोलत होती, तिचा आवाज आत येत होता. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडात गाठ आहे, पसरली आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. दुखणार नाही एवढं पाहू. पुढचा हिवाळा पूर्ण दिसेल असं वाटत नाही.

मी खाली पार्किंगमध्ये येऊन पुण्याला भावाला फोन लावला. तो आधी रडला. मग म्हणाला, ‘‘ताई, बाबांना सांगू नको.’’

‘‘ते नवरा आहेत तिचे.’’

‘‘म्हणूनच. ती विचारणार आणि ते सांगणार. बाबांना कळलं म्हणजे आईला कळलं.’’

त्याचं बरोबर होतं, याचा मला संताप आला. आजार आईला, आणि लपवाछपवी करायची बाबांपासून. आजारी माणसापासून लपवणारी घरं पुष्कळ असतील, पण धडधाकट माणसापासून लपवणारं आमचंच असावं. दुचाक्यांच्या मधे उभं राहून आम्ही ते ठरवलं. आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल, वेळ लागेल. हेच सगळ्यांनी सांगायचं.

मग माझ्या त्या दोन खोल्यांच्या घरात जे दिवस सुरू झाले ते मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही. अकोल्याचा उन्हाळा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर दिवसभर घरघरतोय, आणि त्याच्यासमोर दिवाणावर आई. बाहेर जावं तर ऊन, आत थांबावं तर आईचे डोळे. कॉलेजला सुट्ट्या, त्यामुळे सुटका नाही. नवरा बिचारा दही आणायला जायचा आणि दही लागेपर्यंत परतायचा नाही. भाऊ व्हिडिओ कॉल करून इतका हसायचा की मला फोन फेकून द्यावासा वाटे. बाबा दर शनिवारी अमरावतीहून बसनं यायचे, पिशवीत तिच्यासाठी संत्री आणि स्वतःसाठी एक जाड कादंबरी. त्यांना इथंच राहायचं होतं. मी म्हणायची, घर लहान आहे, तिकडे झाडांना पाणी कोण घालेल. ते मान हलवायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. नवऱ्याला बायकोजवळ न राहू देणारी मुलगी मी. मला स्वतःचीच किळस यायची, आणि त्याहून जास्त राग यायचा बाबांचा.

आई विचारायची. मला विचारलं, जावयाला विचारलं, फोनवर भावाला विचारलं. तिघांनी तेच सांगितलं.

‘‘तुमी तिघंई एकच वाक्य बोलून राह्यले,’’ एका गुरुवारी ती म्हणाली. ‘‘शाळेतल्या पोरासारखं पाठ केल्यावानी. शनिवारी त्यायले इचारीन मी. ते सांगतीन खरं.’’

मी ताकाचा पेला तिच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘‘विचार की. सूज आहे हेच सांगतील.’’ मनातून माझी पाचावर धारण बसली होती. बाबांना काही माहीत नाही हाच एक आधार होता. त्यांना माहीत नसेपर्यंत ते सूजच सांगतील, आणि त्यांनी सांगितली की ती विश्वास ठेवील. चार घास खाईल. मला तेवढंच हवं होतं. तिनं आजीसारखं भिंतीकडे तोंड करू नये, बस.

शनिवारी दुपारी बाबा आले. आईसमोरच घाम पुसत पाणी प्यायले. मग तिचा डोळा लागला. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, तिथे ते पुस्तक घेऊन आले.

‘‘डॉक्टर नेमकं काय म्हणाले?’’

मी सांगितलं. आतड्याला सूज आहे. अमुक गोळी सकाळी, तमुक संध्याकाळी, अशी सूज या वयात होते, माझ्या एका सहकारी बाईंच्या सासूबाईंनाही होती, त्या आता नातवाला शाळेत सोडतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की बाबांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं आहे आणि माझ्या तोंडाकडे पाहत आहेत.

‘‘तू खोटं बोलतेस तेव्हा फार बोलतेस,’’ ते म्हणाले. ‘‘लहानपणापासून.’’

तिथे माझा तोल गेला. हळू आवाजात, कारण आई जागी व्हायला नको होती. हळू आवाजात भांडणं काय असतं ते तेव्हा कळलं.

‘‘हो, बोलते खोटं. तुमच्यामुळे बोलते. गाठ आहे तिला. ती वाचणार नाही. झालं? आता जा आणि सांगा तिला, तुम्हाला राहवणार नाहीच. जन्मभर तुम्ही खरं बोललात आणि ते निस्तरलं तिनं. पंपाच्या वेळी घरोघर कोण गेलं होतं, तुम्ही? तुम्ही पुस्तक वाचत होतात. आज ती मरतेय आणि आम्ही तुमच्यापासून लपून बसलोय, बाबा, तुमच्यापासून.’’

बाबा उभे होते ते प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. मग माझ्या हातातला आईचा गाऊन घेतला आणि त्याची घडी घालायला लागले. त्यांना घडी येत नव्हती.

‘‘तिनं विचारलं तर?’’ ते म्हणाले.

‘‘खोटं बोला.’’

‘‘मला येत नाही.’’

‘‘शिका,’’ मी म्हटलं आणि कपडे घेऊन आत गेले.

संध्याकाळी ते आईच्या दिवाणाजवळ खुर्ची ओढून बसले आणि वाचायला लागले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, जिथून पूर्वी ती ऐकायची. मधे कुठेही ते थांबले नाहीत. कुठल्याही पानावर पुस्तक मिटलं नाही. आईनंही त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. माझी पोळी करपली.

विचारलं रविवारी सकाळी, चहाच्या वेळी. आम्ही सगळेच समोर होतो. आईनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘‘काय हाय मले? तुमी सांगा. या पोराइचं मले काई खरं वाटत नाई.’’

नवरा उठायला लागला, मी डोळ्यांनीच बसवला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘‘मी स्वतः डॉक्टरांना भेटलो,’’ ते म्हणाले. अगदी कोर्टातला आवाज. ‘‘काल, इथे येण्याआधी. चांगले आहेत डॉक्टर, आपल्या चांदूर बाजारकडचेच निघाले. मी त्यांना सगळं नीट विचारलं. आतड्याला सूज आहे. वेळ घेईल, पण उतरेल. माझ्या एका जुन्या पक्षकारालाही हेच झालं होतं, तो आज शेतावर पायी जातो.’’

डॉक्टर यवतमाळचे होते. बाबा त्यांना आयुष्यात भेटले नव्हते. आणि खोटं बोलताना फार बोलायची माझी खोड कुठून आली तेही मला त्या सकाळी कळलं.

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि उरलेला चहा प्यायली. दुपारी अर्धी भाकर खाल्ली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. मी न्हाणीघरात जाऊन भावाला फोन केला, ‘‘बाबा बोलले.’’ त्याला कळायला वेळ लागला. ‘‘बाबा?’’ तो म्हणाला.

संध्याकाळी बाबा बसला गेले. मी आईच्या डोक्याला तेल लावत होते. केस फार विरळ झाले होते.

‘‘तुहे बाबा खोटं बोलले,’’ ती म्हणाली.

माझे हात थांबले.

‘‘हात चालू दे. काल डॉक्टरकडे जाऊन आलो म्हणतात. दोनच्या गाडीनं उतरले, घामानं निथळून राह्यले होते, पानीबी इथंच पेले. शनिवारी दुपारी डॉक्टर कोठी भेटते वो?’’

‘‘आई, तुला भीती वाटते का?’’ एवढंच मी विचारलं.

‘‘कालपरेंत वाटे,’’ ती म्हणाली. ‘‘आज नाई वाटून राह्यली.’’ तिनं तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. ‘‘मी म्हणो ना, त्या पुस्तकातल्या बापाची बायको मेलेलीच रायते. जित्ती असती त तोई खोटं बोलला असता, पाह्य. माह्यासाठी बोलले. इतकं येडंबयाड खोटं, पण बोलले.’’

मी तिच्या डोक्यावर माझं डोकं टेकवलं. तेल लागलं कपाळाला.

‘‘त्यायले सांगू नोको मले समजलं म्हून,’’ आई म्हणाली. ‘‘पह्यलंच हाय त्यायचं. टिकू दे.’’

नंतर बाबा झाडांची काळजी शेजारच्या काकूंवर सोडून माझ्याकडेच राहायला आले. आईनं कधी पुन्हा विचारलं नाही. ती बाबांना विचारायची, ‘‘सूज उतरून राह्यली ना?’’ आणि ते म्हणायचे, ‘‘उतरतेय.’’ मी दोघांच्या मधे ताटं ठेवायची. एकाचं खोटं मला माहीत, दुसरीला ते कळलंय हेही मलाच माहीत, आणि तोंड उघडायची सोय नाही. कूलरचं पाणी संपलं की भरायची, एवढंच माझ्या हातात होतं. तिनं भिंतीकडे तोंड केलं नाही. दिवाळी पाहिली, चिवड्यात मीठ कमी आहे म्हणाली, आणि थंडी पडायला लागल्यावर गेली.

बाबा आता अमरावतीला असतात आणि शनिवारी येतात. पिशवीत संत्री असतात, कोणासाठी ते आम्ही बोलत नाही. हे मी लिहिते आहे ते छापलं गेलं तर त्यांच्या हाती पडू नये, हे बघायचं काम भावाकडे दिलं आहे. तो लबाड आहे, करील.

मागच्या शनिवारी ते गॅलरीत त्याच स्टुलावर वाचत बसले होते. मी कपडे काढत होते. त्यांनी पानात बोट घातलं आणि पुस्तक मिटलं.

‘‘तिला खरं वाटलं होतं ना?’’ ते म्हणाले. ‘‘मी सांगितलं ते.’’

उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. या वेळी ते पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे पाहत होते. मान वर केली नाही.

मी या वेळी फार बोलले नाही. ‘‘हो बाबा,’’ एवढंच म्हटलं.

त्यांनी पुस्तक उघडलं आणि पान उलटलं.